तांब्यावरचा किनारा

एकोणीसशे पासष्टच्या ऑगस्टात मी चिंचणीत खोली शोधत हिंडत होतो. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि मला तिथे ड्राफ्ट्समनची नोकरी लागली होती. सिन्नरहून आलेला, चोवीस वर्षांचा, ओळखीचं कुणी नाही. कुणीतरी सांगितलं, भगवंत पांचाळांची मागची खोली रिकामी आहे. मी गेलो. ओटीवर एक सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ डोळ्याला भिंग लावून पोलादाच्या ठोकळ्यावर वाकले होते. मी नाव सांगितलं, पुंजाराम थोरात. नोकरी सांगितली. त्यांनी भिंग काढलं आणि विचारलं,

"नकाशे काढतोस?"

"हो. म्हणजे इमारतींचे, पायपांचे."

"इंग्रजी अक्षरं उलटी वाचता येतात?"

मी म्हटलं, ट्रेसिंग पेपर पालथा पडला की वाचावीच लागतात. ते एकदम उठले, आत बायकोला हाक मारली, "अगो गोजरा, खोली दिली गो!" आणि मग कधीतरी आठवड्याने आमचं भाडं ठरलं.

भगवंतकाका डाय कोरायचे. चिंचणीत हा धंदा घरोघर. पोलादाच्या ठोकळ्यावर फुलं, पानं, लक्ष्मीची पुतळी उलटी कोरायची. मग सोनार त्या साच्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकतो आणि दागिना सुलटा उमटतो. काकांचा हात सगळ्या गावात बारीक समजला जाई. तांदळाएवढ्या जागेत ते मोराचे डोळे कोरत. पण मला त्यांनी पहिल्याच रविवारी जे दाखवलं ते दागिन्यांचं नव्हतं. माजघरातल्या मोठ्या लाकडी पेटीत, कडुलिंबाच्या पाल्याच्या थरांमध्ये, त्यांनी जुने नकाशे ठेवले होते. नऊ होते तेव्हा. खरे जुने, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले.

"तुम्ही हे का जमवता?" मी विचारलं.

"कारन ही माज्याच धंद्यातली मानसं," ते म्हणाले. "पन मला ती भेटली उशिरा."

ती कशी भेटली, हे त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी नव्या आनंदाने. तीनेक वर्षांपूर्वी तारापूरच्या एका पारशी घरातून त्यांना बोलावणं आलं होतं. दिनामाय नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्या आईच्या चांदीच्या बांगड्यांपैकी एक हरवली होती आणि जोडीची दुसरी करून हवी होती. काका मापं घ्यायला गेले. दिवाणखान्यात आरशाशेजारी काचेच्या चौकटीत धुराने तपकिरी झालेला एक कागद होता. त्यावर किनारा, खाड्या, किल्ल्यांची एवढीएवढी चित्रं. काकांना इंग्रजी अक्षरओळखीपुरतंच येत होतं. पण त्यांनी त्या रेघा पाहिल्या आणि मापाची दोरी हातातच राहिली.

"काय बघतेस रे एवढं?" दिनामायनी आपल्या पारशी मराठीत विचारलं.

"बाई, हे दोन मानसांनी कोरलंय."

"तुला कसं समजलं?"

"डोंगर कोरनाऱ्याचा हात हलका हाय. रेघ सुरू होते बारीक, मदी फुगते, शेवटी परत केसासारकी. आनि हे खाली नाव लिवलंय ना, तो हात जड. रेघ सगळीकडे सारकी. हा मानूस वेगळा."

दिनामाय हसून हसून खुर्चीत टेकल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांनी जहाजाच्या धंद्यात असताना तो नकाशा आणला होता. साठ वर्षं तो भिंतीवर होता आणि त्याच्याकडे कुणी धड पाहिलं नव्हतं. बांगडी इतकी हुबेहूब झाली की कोणती जुनी, कोणती नवी हे त्यांना ओळखता येईना. तेव्हा त्यांनी मजुरी दिलीच, वर तो नकाशा चौकटीसकट काकांच्या हातात ठेवला. "तू त्याच्याशी बोलतेस," त्या म्हणाल्या. "आमी फक्त धूळ पुसते."

तेव्हापासून काका महिन्यातून एकदा मुंबईला डाय पोचवायला गेले की झवेरी बाजारातलं काम उरकून चोर बाजारात जायचे. फाटकी पुस्तकं, फुटके दिवे यांच्या ढिगात नकाशे शोधायचे. विकणाऱ्यांना वाटायचं, हा माणूस मागे कोरा कागद आहे म्हणून घेतो. रंगीत, सुंदर नकाशे महाग असत. ते काकांना नकोच असायचे. "रंग चढवला की रेघ झाकली जाते," ते म्हणत. त्यांना दिनामायच्या नकाशातला हलका हात पुन्हा कुठे दिसतो का, हे बघायचं होतं.

कारण त्या नकाशाची एक गंमत होती. खालच्या कोपऱ्यात नाव होतं: थॉमस वेल्बी, लंडन. ते जड हाताने कोरलेलं. मी ते त्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "हा नाय. हा दुकानदार. ह्यानं आदीचं नाव खरवडलं आनि आपलं घातलं. बघ, इथे तांबं बसलंय. खरवडल्यावर जागा खोल जाते, मग पाठून ठोकून वर आनतात. खरवडायचं तेवढं मी पन करतो, डायवर चूक झाली तर. त्यामुळे इथे शाई सारकी लागली नाय."

मी भिंग लावून पाहिलं. मला काही दिसलं नाही. धुराचा तपकिरी डाग तेवढा दिसला.

"कोन असेल रे?" ते विचारत. जेवताना, ओटीवर बसून सुपारी कातरताना, मध्येच. "इतका हलका हात. पोटाला कोन होतं त्याच्या? काय खायचा?" एकदा मी विचारलं, त्याचं नाव कळलं तर काय करणार? त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "माज्या डायवरचे दागिने मुंबईत दुकानात मांडतात. शिक्का दुकानाचा. बरोबर हाय, तसाच धंदा हाय. माजी तक्रार नाय. पन त्यानं तर नाव लिवलं होतं रे. लिवलेलं खरवडलं."

गोजराकाकूंना या सगळ्याचा राग येत नसे, पेटीचा येई. पेटी त्यांच्या माहेरची होती, वरोरहून लग्नात आलेली. त्यात त्यांची लुगडी असायची. आता लुगडी दोरीवर आणि कागद पेटीत. "सवत आनली असती तर तिला कामाला तरी लावली असती," त्या मला सांगत, काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सहासष्टच्या हिवाळ्यात काका मनोरच्या बाजारात कुणा सोनाराला भेटायला गेले होते. तिथे एका कापडवाल्याने गाठोड्यावर एक जाड, मळकं फडकं टाकलं होतं. काकांनी कोपरा उलटून पाहिला, तर आत छापील रेघा. जुने मोठे नकाशे घडी घालता यावी म्हणून कापडावर चिकटवलेले असत, त्यातला तो होता. अरबस्तानचा किनारा. कापडवाल्याने त्याच्या बदल्यात नवं गोणपाट मागितलं. काका तो घेऊन आले, ओटीच्या दांडीवर टाकला आणि आंघोळीला गेले.

बाहेर आले तर दांडी रिकामी.

"गोजरा! इथलं काय केलंस?"

"ते मळकं पोतेरं? भिजत घातलंय. अजून सोडा घातला नाय."

मी खोलीतून धावत बाहेर आलो. काका पंचा गुंडाळून मागच्या अंगणात उभे होते. घंगाळात अरबस्तान तरंगत होतं. पाणी चहासारखं झालं होतं. काकूंना आता समजलं. त्यांनी तोंडावर पदर धरला.

काकांनी दोन्ही हात पाण्यात घातले, तळहातांवर तोललेला तो नकाशा अलगद वर उचलला, आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. कापड सुटून आलं होतं. पण कागद शाबूत होता. नुसता शाबूत नाही, दुधासारखा स्वच्छ. आणि शाई जशीच्या तशी काळीभोर. एकेक खडक, एकेक नांगर टाकायची जागा कालच छापल्यासारखी.

"फाटक्या कपड्यांचा कागद हाय हा," काका हळूच म्हणाले. "आताच्यासारका लाकडाचा नाय. कापूस हाय. आनि शाई तेलातली." मग त्यांचा चेहरा फुलला. "गोजरा, तू त्याला आंगोळ घातलीस!"

"मग? घरात आलेल्या पावन्याला पानी नको द्यायला?" काकूंनी लगेच बाजू पलटली, आणि त्या दिवसापासून नकाशे धुण्याचं काम त्यांच्याकडे आलं. दुपारी न्हाणीघर बंद करून त्या पितळेच्या मोठ्या परातीत एकेक कागद धूत, पाणी बदलत, आणि जुन्या धोतराच्या दोन घड्यांत दाबून सावलीत सुकवत. एवढ्या मऊ हाताने त्यांना मी दुसरं काही करताना पाहिलं नाही. भांडी त्या आपटायच्या.

दिनामायचा नकाशा मात्र काका पुष्कळ दिवस द्यायला तयार नव्हते. शेवटी संक्रांत झाल्यावर एका रविवारी सकाळी त्यांनी तो काकूंच्या हातात दिला आणि स्वतः तारापूरच्या किल्ल्यापर्यंत पायी जाऊन आले. घरात बसवत नव्हतं त्यांना. परत आले तोवर कागद सुकला होता. साठ वर्षांचा दिवाणखान्यातला धूर पाण्याबरोबर गेला होता. काकांनी भिंग लावलं, वेल्बीच्या नावावर धरलं, आणि मला हाक मारली.

या वेळी मलाही दिसलं. वेल्बीच्या अक्षरांखाली, अगदी फिकट, जणू कुणी नखाने ओढल्यासारख्या रेघा. मी तोंडाने वाचत गेलो आणि कागदावर उतरवत गेलो. सुरुवातीचं पुरतं गेलेलं. मग एल. मग काही दिसत नाही. मग बी. मग पुन्हा रिकामं. मग आर, टी. त्यापुढे एक लांबलचक शब्द, पुरता पुसलेला, फक्त सुरुवातीचा एस.

"एल, बी, आर, टी," काका पाठ करत राहिले. त्यांनी ती चार अक्षरं खडूने भिंतीवर लिहून ठेवली, उलटी, सवयीने.

केंद्रावर आमच्या स्टोअरमध्ये माहीमचा एक कारकून होता. म्हणजे पालघरजवळच्या केळवे-माहीमचा. त्याच्याकडे मी सहज हा विषय काढला तर तो म्हणाला, "आमच्याकडे कॅप्टन रेबेलो आहेत ना! बोटीवर होते पस्तीस वर्षं. घरभर नकाशे. पण माणूस कडक आहे हो. विकायला आलात असं वाटलं तर दारातून हाकलतील."

सदुसष्टच्या मार्चमध्ये मी आणि काका बोईसरहून पालघरला आणि तिथून टांग्याने माहीमला गेलो. काकांनी नकाशा दोन पाट्यांमध्ये ठेवून धोतरात गुंडाळला होता आणि वाटभर मांडीवर धरला होता. कॅप्टनांचा बंगला नारळीच्या वाडीत. ते स्वतःच दार उघडायला आले, पांढरी दाढी, अर्धी चड्डी.

"मला काही विकत घ्यायचं नाही," ते म्हणाले.

"आमाला विकायचं नाय," काका म्हणाले. "एक नाव इचारायचंय."

त्यावर आत घेतलं. भिंती नकाशांनी भरलेल्या होत्या. काका दारातच थबकले आणि त्यांनी चपला काढल्या, जशा देवळात काढतात. कॅप्टनांनी ते पाहिलं. त्यांनी खुर्ची पुढे केली.

काकांनी नकाशा टेबलावर उलगडला. कॅप्टन वाकले. "वेल्बी. हा माझ्या माहितीतला आहे. चांगला आहे. किनारा दमणपासून वसईपर्यंत. बघा, तारापूरला ट्रापोर लिहिलंय, आमच्या माहीमला माईम."

"वेल्बीनं केला नाय हा."

"नाव त्याचं आहे."

"नाव त्याचं हाय. काम त्याचं नाय."

मी घाईघाईने मधे पडलो, अक्षरं सांगितली. एल, बी, आर, टी. कॅप्टन सरळ उभे राहिले. मग शेजारच्या खोलीत गेले आणि एक चौकट घेऊन आले. तोच किनारा. तेच किल्ले. खाली कोपऱ्यात सुंदर, तिरप्या अक्षरांत नाव होतं.

"यान लुबर्त," त्यांनी वाचलं. "डच. वेल्बीच्या साठ-सत्तर वर्षं आधीचा. मला वाटतं वेल्बीने हा नकाशा समोर ठेवून नक्कल केली. असं पुष्कळ करायचे."

काका काही ऐकत नव्हते. ते भिंग लावून वाकले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"कॅप्टनसाहेब, नक्कल करनारा चूक नक्कल करत नाय. हितं बघा. शिरगावच्या किल्ल्यासमोर दर्यात एक बारीक रेघ गेलीय. वाट नाय, खडक नाय, काय नाय. कोरनी सुटली त्याच्या हातातून. माजी पन सुटते. आता ह्या वेल्बीत बघा. तीच रेघ. तितकीच. आनि ह्या कोपऱ्यात तांब्याला तडा गेलाय. तुमच्या नकाशात नखाएवढा. माज्या नकाशात बोटाएवढा. तडा वाढला. पत्रा एकच हाय, साहेब. त्यानं पत्रा इकत घेतला आनि नाव खरवडलं."

कॅप्टनांनी खणातून आपला जहाजावरचा, अंतरं मोजायचा पितळी कंपास काढला. दोन टोकं तारापूरवर आणि माहीमवर ठेवली, मग तोच कंपास दुसऱ्या नकाशावर. मग वसई, मग दमण. कागद आक्रसल्याचा एवढासा फरक सोडला तर सगळं जुळत होतं. पाच-सहा मापं घेतल्यावर त्यांनी कंपास खाली ठेवला आणि ते मोठ्याने हसायला लागले. घर दणाणलं. आतून त्यांची बहीण धावत आली.

"वीस वर्षं!" ते तिला म्हणाले. "वीस वर्षं हे दोन नकाशे मला माहीत आहेत. मी दर्या बघत होतो, हा माणूस तांबं बघतोय!"

काका मात्र लुबर्तच्या नावाकडे बघत होते. त्यांनी हात जोडले. "भेटलास रे बाबा," ते म्हणाले. मग विचारलं, "ह्या नावापुढे काय लिवलंय? आमच्यात नुसता एस दिसतो."

"स्कल्प्सिट. लॅटिन आहे. म्हणजे, याने कोरलं."

"असं लिवायचे?"

"लिहायचे. अभिमानाने लिहायचे."

त्या दिवशी आम्ही तिथेच जेवलो. काका इतके रंगले होते की काय जेवलो ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. कॅप्टन त्यांना एकेक नकाशा काढून दाखवत होते, कुणी मोजला, कुणी काढला, कोणाचा खलाशी कुठे बुडाला. आणि काका कॅप्टनांना दाखवत होते, कुठे कोरणी बोथट झाली, कुठे उस्तादाने सोडलं आणि चेल्याने पुरं केलं. संध्याकाळी निघताना कॅप्टन टांग्यापर्यंत आले. "पांचाळ," ते म्हणाले, "तुम्ही स्वतः का नाही करत एक?"

येताना काका मांडीवरच्या पाटीवर बोटाने रेघा ओढत राहिले. बोईसरला उतरल्यावर म्हणाले, "पुंजाराम, किनारा तू काढ. कोरतो मी."

यात एक अडचण होती. प्रिंट काढायला मोठा दाब लागतो, आणि आमच्याकडे होतं फक्त सोनाराचं दोन पोलादी रुळांमधून पत्रा ओढायचं यंत्र. रूळ जेमतेम चार इंच रुंद. काकांनी त्यावर तोड काढली. "आपला किनारा कसा हाय? लांब नि उभा. मग पट्टीच करू." आणि खरंच, डहाणूपासून शिरगावपर्यंतचा किनारा साडेतीन इंच रुंद आणि सव्वा फूट लांब पट्टीत असा बसला की जणू त्यासाठीच झाला असावा. मी सुट्टीच्या दिवशी सायकलवर गावोगाव फिरून खाड्यांची वळणं पाहिली, मच्छीमारांना विचारून खडकांची नावं लिहून घेतली.

दुसरी अडचण माझी होती. केंद्र नकाशात दाखवायचं नाही, असा मला सक्त हुकूम. मी तेवढी जागा कोरी सोडली. काकांना ती कोरी जागा खुपू लागली. मग त्यांना आठवलं की जुने लोक जिथलं माहीत नसेल, किंवा सांगायचं नसेल, तिथे मासे काढत. त्यांनी घिवली गावाच्या खाली, केंद्राच्या जागी, दर्यात नाही, चक्क जमिनीवर, एक गुबगुबीत घोळ मासा कोरला. खवल्यान्‌खवला. तोंड उघडं, डोळा मिश्कील. पुढे आमच्या मोठ्या साहेबांनी छापलेली प्रत पाहिली. साहेब माशाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गुप्तता उत्तम पाळलीय."

कोरायला सात महिने लागले. डायचं काम सांभाळून, रोज सकाळचे दोन तास. अडुसष्टच्या मे महिन्यात पत्रा तयार झाला. पालघरच्या छापखान्यातून शाई आणली, तिच्यात जवसाचं तेल घातलं. पत्रा निखाऱ्यावर गरम करून शाई रेघांत भरली आणि वरची तळहाताने पुसली. काकूंनी कागद ओला करून दाबून ठेवले होते. पहिली प्रत फिकी आली. दुसरी निम्मीच. मग काकूंनी घोंगडीचा तुकडा आणून कागदावर ठेवला. "दाब मऊ पायजे," त्या म्हणाल्या. "परातीतला कागद असाच दाबते मी."

तिसऱ्या वेळी आम्ही दोघांनी मिळून दांडा फिरवला. काकांनी कागदाचं टोक धरून तो सावकाश उचलला. सगळा किनारा सुलटा होऊन वर आला. डहाणू, चिंचणी, तारापूर, दांडी, नवापूर, सातपाटी, शिरगाव. होड्या. ताडाची झाडं. मासा. खालच्या कोपऱ्यात तिरप्या अक्षरांत: पुंजाराम थोरात याने काढला, भगवंत पांचाळ याने कोरला. काका आपल्या नावाकडे बघून लाजले. एवढा मोठा माणूस, पण कानांपर्यंत लाल झाला.

गोजराकाकूंना वाचता येत नव्हतं, पण गेले सात महिने नावं ऐकून त्यांना कुठे काय ते पाठ होतं. त्यांनी बोट वरपासून खाली आणलं. मग पुन्हा वर नेलं.

"वरोर कुठं हाय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

"चिंचणीच्या वर वरोर. माजं माहेर. सत्तावीस वर्षं तिकडे जावई म्हनून जेवताय तुमी!"

आम्ही दोघं मिळून वरोर विसरलो होतो. काका पत्रा घेऊन ओटीवर गेले आणि कोरणी उचलली. खरवडण्याची गरज नव्हती, जागा होतीच. दुपारच्या चहापर्यंत वरोर झालं. नुसतं नाव नाही. नावाशेजारी त्यांनी एक घर, दोन माडाची झाडं आणि एक विहीर कोरली. बाकी कुठल्याच गावाला विहीर मिळाली नाही, अगदी तालुक्याच्या गावालाही नाही.

पुढच्या रविवारी वरोरहून काकूंचे दोन भाऊ, भावजया आणि त्यांची म्हातारी आई बैलगाडीतून आली. ओटीवर नव्याने छापलेला नकाशा पाटावर मांडला होता. काकूंनी आधी सगळ्यांना पाणी दिलं, हात कोरडे केले का ते पाहिलं, मग आईचं बोट धरून त्या विहिरीवर नेऊन ठेवलं. म्हातारी वाकून बघत राहिली.

"पानी हाय का गो हिच्यात?" तिने विचारलं.

"भरपूर," भगवंतकाका आतून ओरडले, आणि चहा घेऊन स्वतः बाहेर आले.